तलवारीचा कस: मॉरोविंडमधली भारलेली शस्त्रं तपासायची कशी

मॉरोविंड या कॉम्प्युटर गेममध्ये एखादी भारलेली, म्हणजे मंत्र घातलेली, तलवार हाती लागली की खेळणारा तिच्यावरचा आकडा वाचतो आणि खूश होतो. आग २०, एक सेकंद. पण हा आकडा म्हणजे नुसतं आश्वासन. घाव बसल्यावर समोरच्याच्या अंगाला त्यातलं किती लागतं ते वेगळंच असतं आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. सराफ्यात सोनार दागिन्यावरचा शिक्का बघून भाव सांगत नाही, आधी कसोटीवर घासून बघतो. इथेही तसाच कस लावायचा आहे.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी सुट्टीत भाचा येतो. रविवारी पोहे-जलेबी आटोपली की तो कॉम्प्युटरला चिकटतो. त्याची तक्रार अशी होती: "मामा, ही आगीची तलवार आहे ना? मग हे बालमोरातले लोक जळत का नाहीत? त्या गुआरला तर दोन घावांत आडवा केला!" (बालमोरा हे खेळातलं एक गाव, गुआर हा एक प्राणी.) तक्रार अगदी रास्त होती. तिचं उत्तर खेळाच्या पोटातच आहे, पुढे सविस्तर येईल. आधी तयारी.

खेळ मे २००२चा, बेथेस्डाचा. आजही स्टीमवर आणि जीओजीवर विकत मिळतो, आणि जुन्यात जुन्या मशीनवर चालतो. सिल्व्हर मॉलमधून जुळवून आणलेला साधा पीसीसुद्धा त्याला डोक्यावरून पाणी. मूळ इंजिनाऐवजी ओपनएमडब्ल्यू हे दुसरं इंजिन वापरलं तरी चालेल. त्यालाही मूळ खेळाच्या फायली लागतातच. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू आहे; जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

आधी थोडं गणित, कारण ते फुकट आहे

शस्त्रावर मंत्र घालायच्या खिडकीत तीन आकडे असतात आणि नवखा माणूस त्यांचा घोळ घालतो. पहिला, शस्त्रात मंत्राला किती जागा आहे आणि त्यातली किती भरली. दुसरा, एका घावाला किती चार्ज, म्हणजे मंत्राचं इंधन, जाणार. तिसरा, एकूण चार्ज किती. जागा शस्त्राची असते, एकूण चार्ज आत्म्याचा असतो (मारलेल्या प्राण्याचा धरून ठेवलेला आत्मा, तो मंत्र घालताना खर्ची पडतो). हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

मंत्राची किंमत अशी निघते: किमान आणि कमाल जोराची बेरीज, तिला सेकंदांनी गुणायचं, त्यात परिसराचा (मंत्र आजूबाजूला किती पसरतो तो) आकडा मिळवायचा, मग त्या परिणामाच्या मूळ दराने गुणून ४० ने भागायचं. आगीचा मूळ दर ५, हिमाचाही ५, विजेचा ७, विषाचा ९. थेट आरोग्य घटवणारा डॅमेज हेल्थ ८, आणि शत्रूचं आरोग्य आपल्याकडे ओढणारा ॲब्सॉर्ब हेल्थही ८. आता आग २० ते २०, एक सेकंद, परिसर शून्य: ४० गुणिले ५ भागिले ४०, म्हणजे ५. तेवढ्याच जोराची वीज ७ला पडते, विष ९ला.

आग ५ ते ५ पण चार सेकंद असेल तर? १० गुणिले ४ गुणिले ५ भागिले ४०, पुन्हा ५च. एकूण नुकसानही २०च. कागदावर दोन्ही सारखे. प्रत्यक्षात मला एका सेकंदाचा मंत्र बरा वाटतो. चार सेकंदांच्या मंत्रात शत्रू दुसऱ्याच सेकंदाला मेला तर उरलेली आग फुकट जाते. शिवाय लागोपाठ घाव घातले तर आधीची आग आणि नवी आग यांची बेरीज होते की घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं, हे आणखी एक मोजायचं काम वाढतं. मोजायचंच असेल तर चार सेकंदांच्या आत दोन घाव घाला, दहा सेकंद थांबा आणि एकूण किती आरोग्य गेलं ते बघा.

एका तलवारीवर दोन परिणाम घालायचे असतील तर क्रमाकडे लक्ष द्या. आधी घातलेला परिणाम पुढच्याच्या हिशोबात पुन्हा धरला जातो. ५ गुणांचा परिणाम आधी आणि २ गुणांचा नंतर घातला तर ५ अधिक ७, म्हणजे १२. उलट क्रमाने २ अधिक ७, म्हणजे ९. महागडा मंत्र शेवटी. यासाठी काही खर्च करायची गरज नाही. खिडकी उघडा, क्रम बदला, आकडा बघा, रद्द करून बाहेर या.

आत्मा स्वस्तातला घ्या

लोक इथे उगाच पैसे उधळतात. मंत्राचा जोर आत्म्यावर अवलंबून नसतो. आत्म्याने फक्त चार्ज ठरतो. उंदराचा आत्मा १० चा, स्कॅम्पचा १०० चा, गोल्डन सेंटचा ४०० चा. आग २० जी गोल्डन सेंटच्या आत्म्याने लागेल, तीच उंदराच्या आत्म्याने लागेल. फरक एवढाच की उंदीर दोन घावांत संपेल. चाचणीला दोन घाव पुष्कळ. तेव्हा आधी उंदीर मारून स्वस्त शस्त्रावर तोच मंत्र घालून बघा, पटला तर मग चांगली तलवार आणि मोठा आत्मा काढा.

आत्मा धरायला सोल ट्रॅप हा मंत्र हवा आणि पिशवीत रिकामं सोल जेम हवं. पेटी जेममध्ये ३० पर्यंतचा आत्मा मावतो, लेसरमध्ये ६०, कॉमनमध्ये १२०, ग्रेटरमध्ये १८०, ग्रँडमध्ये ६००. ४०० चा आत्मा धरायचा तर या जेमांपैकी ग्रँडच पाहिजे.

मंत्र स्वतः घालायचा की पैसे देऊन घालून घ्यायचा? स्वतः घालताना फसला तर आत्मा गेला. शस्त्र राहतं, पण जेमसकट आत्मा गायब. एन्चांट, म्हणजे मंत्र घालायचं, कौशल्य कमी असेल तर बालमोराच्या मेजेस गिल्डमधल्या गॅल्बेडिरला पैसे द्या. बाई फसत नाही. मात्र जोराचे दोन आकडे, किमान आणि कमाल, चाचणीसाठी नेहमी सारखे ठेवा. ५ ते ३५ असा मंत्र घालून मोजायला बसलात तर दिवसभर सरासऱ्या काढत बसाल.

चाचणीचं मैदान

कन्सोल, म्हणजे खेळाला थेट आदेश टंकायची खिडकी, उघडायची कळ एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे. कन्सोल उघडा असताना खेळ थांबतो, हे आपल्याला सोयीचं आहे. खालचे आदेश रोमन अक्षरांतच टंकायचे, मी उच्चार देतो.

आधी स्वतःला नीट करा. प्लेअर->सेटस्ट्रेंग्थ ५०. पन्नासच का? शस्त्राचं नुकसान ताकदीप्रमाणे ०.५ अधिक ताकदीचा शंभरावा भाग या पटीने बदलतं. ताकद ५० असली की ही पट बरोबर १ येते, आणि तलवारीवर लिहिलेला आकडा आहे तसा लागतो. मात्र ताकद कमी केली की वजन उचलायची क्षमताही कमी होते. पिशवी भरलेली असेल तर पाय जागचे हलणार नाहीत. फालतू सामान खाली टाका.

मग त्या शस्त्राचं कौशल्य १०० करा. छोटं पातं असेल तर प्लेअर->सेटशॉर्टब्लेड १००, लांब असेल तर सेटलाँगब्लेड १००. हे न केल्यामुळे नवख्यांचे अर्धे घोटाळे होतात. मॉरोविंडमध्ये तलवार अंगाला लागलेली दिसते तरी घाव चुकलेला असू शकतो, कारण आत फासे पडतात. कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग; याला थकव्याच्या पटीने गुणायचं. दमसास पूर्ण असेल तर पट १.२५, पार संपला असेल तर ०.७५. कौशल्य ३०, चपळाई ४०, नशीब ४० असलेल्या नवख्याचा आकडा ताजातवाना असताना ५२.५ आणि दमलेला असताना ३१.५. त्यातून शत्रूची चुकवायची क्षमता वजा होते. धावत धावत येऊन हल्ला करणारा आणि मग "तलवारच बेकार आहे" म्हणणारा खेळाडू खरं तर दमलेला असतो. घाव चुकला की मंत्रही लागत नाही, चार्जही जात नाही.

आता बकरा. मी सुरुवातीला गुआर घेतो. जंगली असतो, मारला तर कोणी गुन्हा नोंदवत नाही, अंगात आग-हिम-विजेचा विरोध नाही आणि चिलखतही नाही. कन्सोल उघडा ठेवून त्याच्यावर क्लिक करा, म्हणजे वर त्याचं नाव दिसेल. मग सेटहेल्थ ५००. मग सेटविलपॉवर ० आणि सेटलक ०.

शेवटचे दोन आदेश गाळू नका. समोरच्याच्या विलपॉवर आणि लकवर तो मंत्राचा काही भाग परतवू शकतो, आणि तो भाग फाशावर ठरतो. म्हणून २० ची आग कधी २० लागते, कधी १३. हे दोन आकडे शून्य केले की हा फासा बाजूला होतो आणि उरलेला फरक फक्त जातीच्या विरोधाचा असतो. नेमका तोच आपल्याला मोजायचा आहे.

मग टीएआय टंका, म्हणजे सगळ्यांचं डोकं बंद. गुआर जागच्या जागी उभा राहील. टीजीएम मात्र टाळा. त्या आदेशाने आपण अमर होतो खरे, पण ओपनएमडब्ल्यूत त्याच्यासोबत शस्त्राचा चार्ज खर्च होणंही थांबतं, आणि मग चार्जची चाचणी पूर्ण खोटी पडते. जिवाची भीती वाटत असेल तर स्वतःचंच आरोग्य सेटहेल्थने वाढवा. शेवटी एफ-५ दाबून क्विकसेव्ह. प्रत्येक नव्या चाचणीआधी एफ-९, म्हणजे सगळं पुन्हा याच जागेवरून.

आणखी दोन बारीक गोष्टी. डिफिकल्टीची पट्टी बरोबर मध्यावर ठेवा. आणि वाकून, लपत जाऊन घाव घालू नका. शत्रूला चाहूल नसताना बसलेल्या घावाचं नुकसान चौपट होतं आणि पडद्यावर तसा संदेश येतो. तो दिसला की ते वाचन खोडून टाका.

पहिलं वाचन

दोन शस्त्रं एकाच जातीची घ्या. एक साधं, एक भारलेलं. दोन्ही दुरुस्त केलेली असावीत, कारण झिजलेल्या शस्त्राचा घाव हलका पडतो. जात अशी निवडा की किमान आणि कमाल नुकसानात फरक थोडा असेल आणि मंत्राला ५ गुणांची जागा असेल. दागिन्यांच्या मानाने शस्त्रांत जागा थोडकीच असते, खंजिरांत तर फारच. तेव्हा मंत्र घालायच्या खिडकीतच बघून घ्या. जागा कमी पडली तर जोर कमी करा, हिशोब तोच राहतो.

साध्या शस्त्राने एक घाव घाला, कळ नुसती टिचकी मारल्यासारखी दाबून सोडायची. कळ दाबून धरली की घाव कमाल आकड्याकडे सरकतो, टिचकी मारली की किमान आकड्याजवळ राहतो. टिचकीच बरी, कारण ती दर वेळी सारखी पडते. घाव तिन्ही प्रकारचे असतात: वरून, आडवा आणि भोसकून. चाचणीत एकच प्रकार ठेवा. उभं राहून, कुठलीही दिशेची कळ न दाबता घाव घाला आणि सेटिंगमधला "नेहमी सर्वोत्तम हल्ला" हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे प्रकार आपोआप एकच राहील.

घाव बसला की कन्सोल उघडा, गुआरवर क्लिक करा आणि गेटहेल्थ टंका. समजा ४९५ आलं. म्हणजे शस्त्राचे ५ गेले. पाच-सहा वेळा करा. आकडे सारखे आले तर तुमचं मैदान बरोबर लागलं. सारखे येत नसतील तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा कळ कमी-जास्त दाबली गेलेली असते.

आता भारलेलं शस्त्र. तोच घाव, मग एक सेकंद थांबा, कारण आगीलाही तिचा सेकंद लागतो. गेटहेल्थ. ४७५ आलं? ५ शस्त्राचे, २० आगीचे. लेबल खरं बोलतंय. हे वाचन वहीत लिहून ठेवा, पुढची सगळी तुलना याच्याशी होणार आहे. आमच्या घरी भाचा आकडे वाचतो, मी लिहितो. कन्सोलमध्ये आकडा बघायचा आणि वहीत उतरवायचा हे दोन्ही एकट्याने केलं की कोणतं वाचन साध्या तलवारीचं आणि कोणतं भारलेल्या, यात गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

मग बालमोराचे लोक का जळत नाहीत

आता तेच शस्त्र घेऊन डनमरवर, म्हणजे डार्क एल्फ जातीच्या माणसावर, जा. बालमोरात डनमरांची कमी नाही. गुन्हा नोंदला जाईल, जाऊ दे. टीएआयमुळे पहारेकरी हलणार नाहीत आणि नंतर एफ-९ आहेच. समोरचा साध्या कपड्यांतला निवडा, म्हणजे चिलखताने शस्त्राचा भाग खाल्ला जाणार नाही. आरोग्य ५००, विलपॉवर शून्य, लक शून्य.

वाचन ४९० च्या आसपास येईल. ५ शस्त्राचे, आगीचे फक्त ५. डनमर जातीला आगीचा ७५ टक्के विरोध जन्मजात असतो. वीसची आग त्यांना पाचची लागते. भाच्याच्या तक्रारीचं उत्तर हे. ज्या बेटावर पावलोपावली डनमर भेटतात, तिथे नवा खेळाडू हौसेने पहिली तलवार आगीची करून घेतो. तीच ५ गुणांची जागा हिमावर घातली असती तर तोच डनमर २० खाऊन बसला असता. किंमत तीच, दर तोच, परिणाम चौपट.

पण म्हणून डोळे मिटून हिम घेऊ नका. नॉर्ड लोकांना हिमाचा पूर्ण विरोध आणि विजेचा अर्धा. एखाद्या नॉर्ड लुटारूवर हिमाची तलवार चालवली तर वाचन साध्या शस्त्राइतकंच येईल. उलट बाजूला अल्ट्मर, म्हणजे हाय एल्फ: आगीची ५० टक्के कमजोरी, हिम आणि विजेची २५ टक्के, शिवाय मॅजिकाची, म्हणजे इतर जादूची, ५०. तीच वीसची आग त्यांना तीसची लागते. ब्रेटनांना मॅजिकाचा ५० टक्के विरोध. आर्गोनियनवर विष पूर्ण वाया, रेडगार्डवर चौथा भाग लागतो. प्राण्यांत आणि डेड्रात (खेळातले राक्षस) आगीचा ॲट्रोनाख आगीला, हिमाचा हिमाला आणि वादळाचा विजेला दाद देत नाही, हे त्यांच्या नावावरूनच कळतं.

माझा कल सांगतो. वीज महाग वाटते, २० ला ७ गुण, पण डनमरांना तिचा विरोध नाही आणि नॉर्डलाही ती अर्धी तरी लागते. ॲब्सॉर्ब हेल्थ ८ ला पडतो, पण आग-हिम-वीज-विष यांतल्या कुठल्याच विरोधाने तो अडत नाही आणि गेलेलं आरोग्य आपल्याकडे येतं. लांबच्या गुहेत एकट्याने उतरणाऱ्याला माझा सल्ला हाच. विष ९ ला घेणं मला पटलेलं नाही.

दुकानात किंवा गुहेत मिळणारी तयार भारलेली शस्त्रं नावावरून ओळखता येतात. नावात फ्लेम असेल तर आग, स्पार्क असेल तर वीज, शार्ड असेल तर हिम, व्हायपर असेल तर विष. एवढं बघितलं तरी कोणती विकायची आणि कोणती ठेवायची हे ठरतं.

जाता जाता भुताचं. पूर्वजांच्या थडग्यांत ॲन्सेस्ट्रल घोस्ट भेटतात. त्यांना साधं लोखंड लागतच नाही, शस्त्राचा काही परिणाम नाही असा संदेश येतो. चांदीचं, डेड्रिक किंवा भारलेलं शस्त्र लागतं. म्हणून उंदराच्या आत्म्याची फाटकी भारलेली सुरी सुरुवातीला कमरेला असणं फार कामाचं. ओपनएमडब्ल्यूत भारलेली शस्त्रं जादुई धरायची की नाही यासाठी एक सेटिंग आहे, मुळात ते चालू असतं.

चार्ज, जिथे खरी मर्यादा आहे

शस्त्राच्या लेबलवर चार्ज दोन आकड्यांत दिसतो, शिल्लक आणि एकूण. एक घाव घाला, शिल्लक वाचा. जेवढी कमी झाली तेवढी एका घावाची खरी किंमत. ती एन्चांट कौशल्याप्रमाणे उतरते: मंत्राची मूळ किंमत गुणिले ११० वजा कौशल्य, भागिले १००.

२० किंमतीचा मंत्र घ्या, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. कौशल्य १० असेल तर घावाला २०. ६० असेल तर १०. १०० असेल तर २. गोल्डन सेंटच्या ४०० चार्जमध्ये कच्च्या माणसाचे २० घाव, निष्णाताचे २००. तलवार तीच, आत्मा तोच. कितीही कौशल्य वाढवा, घावाला निदान १ चार्ज जातोच. हे पडताळून बघायचं असेल तर प्लेअर->सेटएन्चांट १०, एक घाव. मग ६०, एक घाव. मग १००, एक घाव. तीन वाचनं, पाच मिनिटांचं काम.

इथे दोन गोष्टी आकडे बिघडवतात. एक, चार्ज आपोआप भरतो, सेकंदाला ०.०५ म्हणजे वीस सेकंदांत १. घाव घालून पाणी प्यायला उठलात आणि खेळ चालू राहिला तर वाचन चुकेल. कन्सोल किंवा मेनू उघडून ठेवा, खेळ थांबतो. दुसरी, भारलेल्या शस्त्राच्या घावांनी एन्चांट कौशल्य हळूहळू वाढतं. लांबलचक चाचणीत मध्येच एक अंक वाढला की घावाची किंमत बदलू शकते. म्हणून प्रत्येक वाचनाआधी कौशल्य पुन्हा पक्कं करा.

चार्ज घावाच्या किंमतीपेक्षा कमी उरला की मंत्र लागत नाही, नुसतं पातं लागतं. लढाईच्या भरात हे लक्षात येत नाही आणि शेवटचे घाव साधेच पडतात. किती घावांनंतर हे होतं तो आकडा चाचणीतूनच पाठ करून ठेवायचा.

वेग: जड शस्त्राला मंत्र वाया का जातो

मंत्राचा जोर घावाच्या जोरावर अवलंबून नसतो. टिचकीने घातलेल्या घावाला वीसची आग, आणि कळ दाबून पूर्ण ताकदीने हाणलेल्या घावालाही वीसचीच. मग मंत्र कुठे जास्त उपयोगी? जिथे घाव पटापट पडतात तिथे. लोखंडी खंजिराचा वेग २.५, वॉरहॅमरचा १. एकाच वेळात खंजीर साधारण अडीचपट घाव घालतो, म्हणजे आगही अडीचपट.

मोजायचं तर मोबाइलवर दहा सेकंद लावा, आरोग्य ५००० करून ठेवलेल्या गुआरवर एका शस्त्राने टिचक्या मारत राहा, वेळ संपली की गेटहेल्थ. मग दुसऱ्याने. भाच्याला हा खेळ फार आवडतो. "भिया, ये तो मशीनगन है," हे त्याचं खंजिराबद्दलचं अनुमान, थेट इंदुरी हिंदीत.

मात्र चार्जही अडीचपट जातो. एका आत्म्यातून एकूण किती आग निघते ते वेगावर ठरत नाही, फक्त ती लवकर निघते. म्हणून जड हातोड्याला घावागणिक लागणारा मंत्र घालू नये असं मी मानतो. त्याचं खरं बळ त्याच्या वजनात आहे. जो मंत्र घालायचा तो छोट्या, चपळ पात्यावर.

मारून टाकणारा ड्रेन आणि बाकीचे

ड्रेन हेल्थची एक मजा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ड्रेन म्हणजे तात्पुरतं कमी करणं. वेळ संपली की आरोग्य परत येतं. म्हणून लोक त्याला हसतात. पण ड्रेन हेल्थ १०० ते १००, एक सेकंद, याची किंमत काढा: मूळ दर ४, म्हणजे २०० गुणिले ४ भागिले ४०, फक्त २०. तेवढाच डॅमेज हेल्थ ४० ला पडतो.

आता दोन गुआर उभे करा. एकाचं आरोग्य ९०, दुसऱ्याचं ३००. पहिल्याला एक घाव, जागीच खलास. आरोग्य सेकंदभरासाठी का होईना शून्याखाली गेलं आणि मेलेला परत उठत नाही. दुसऱ्याला एक घाव, दोन सेकंद थांबून गेटहेल्थ घ्या, शस्त्राचे तेवढे गेलेले दिसतील, ड्रेनचे सगळे परत. म्हणजे हे शस्त्र शंभराच्या आतल्यांसाठी यम आणि वरच्यांसाठी शोभेचं. ते दुसऱ्या क्रमांकावर बांधायचं, शत्रू खिळखिळा झाला की काढायचं.

पॅरलाइजचा मूळ दर ४०, पण त्याला जोराचा आकडा नसतो, त्यामुळे एका सेकंदाला थोडक्या गुणांत बसतो. चपळ पात्यावर एक सेकंद पुरतो, कारण सेकंद संपायच्या आत दुसरा घाव बसलेला असतो. याची चाचणी मात्र विलपॉवर शून्य न करता करा. हा मंत्र एक तर पूर्ण लागतो, नाही तर अजिबात नाही, आणि किती वेळा लागतो हेच इथे मोजायचं आहे. टीएआय पुन्हा टंकून सगळ्यांचं डोकंही चालू करा, नाही तर आधीच पुतळा झालेला शत्रू थिजला की नाही हे कळणार कसं?

सोल ट्रॅप एका सेकंदाचा ठेवू नका, निदान काही सेकंदांचा ठेवा. मूळ दर २, वाढवला तरी स्वस्तच. म्हणजे शेवटचा घाव घालताना आधीच्या घावाचा ट्रॅप अंगावर टिकून असतो. रिकामं जेम पिशवीत आहे ना, हे आधी बघा.

रिफ्लेक्ट असलेल्या शत्रूंपासून, विशेषतः गोल्डन सेंटपासून जपून. मंत्र उलटून आपल्यावरच येऊ शकतो. आग उलटली तर चटका बसेल, पॅरलाइज उलटला तर तुम्ही उभ्याउभ्या थिजाल आणि ती बाई समोरून तलवार चालवत राहील. अशा शत्रूवरची चाचणी नेहमी नव्या सेव्हवर.

परिसराचा आकडा शून्यच ठेवा. गर्दीत तो शेजारच्यालाही लागतो, मग सोबत्याचा जीव जातो किंवा पहारेकरी मागे लागतो.

उरलेल्या सुऱ्यांचं काय करायचं

चाचणीत पाच-सहा भारलेली स्वस्त शस्त्रं जमतात. ती फेकू नका. मंत्र घातला की साध्या सुरीचीही किंमत चढते. पण गावातला दुकानदार पूर्ण भाव देत नाही आणि त्याच्याकडे पैसेही थोडे. सगळी गाठोडं बांधून कॅल्डेराला न्या. तिथे घोराक मॅनरमध्ये क्रीपर नावाचा एक स्कॅम्प बसलेला असतो. त्याच्याकडे ५००० सोनं असतं आणि तो वस्तूची पूर्ण किंमत मोजतो, घासाघीस न करता. त्याचे पैसे संपले तर चोवीस तास थांबा, पुन्हा ५००० हजर. शस्त्रं विकण्याआधी एफ-९ दाबू नका, नाही तर चाचणीत बनवलेल्या सुऱ्याही गायब. गॅल्बेडिरला दिलेले पैसे परत येतील एवढंच.